कप हलवायची घाई

सर कॉफीचा तो छोटासा, कान नसलेला कप उजव्या हाताच्या बोटांत धरायचे आणि मग हात अजिबात हलू द्यायचे नाहीत.

ज्यांना इथली रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. अमिरातीत कुणा अरबी माणसाकडे बैठकीला बसलात की लांब चोचीचं भांडं घेऊन कुणीतरी शेजारी उभं असतं. तुमचा कप रिकामा झाला की ते भरतात. पुरे झालं असेल तर तोंडानं सांगायचं नसतं, कप हलकेच दोन-तीनदा डोलवायचा. मग कप उचलला जातो. पाहुण्यांचे कप उचलले गेले की बैठकही आवरती होते. सरांना ही रीत पक्की माहीत होती, म्हणूनच ते कप हलवायचे नाहीत.

“कप हलवायची घाई करू नका, मॅडम,” हे त्यांचं नेहमीचं वाक्य. मी ईमेल पाठवायला गेले तरी हेच, आणि लिफ्टचं बटण पुन्हापुन्हा दाबलं तरी हेच. मला नावानं हाक मारा, असं मी कितीदा तरी सांगितलं. ते मान डोलवायचे आणि पुन्हा मॅडमवर यायचे.

सर मूळचे सांगलीचे. शिक्षणासाठी स्वीडनला गेले आणि तिथंच, पार उत्तरेला, एका जिल्ह्याच्या विकास मंडळात बरीच वर्षं नोकरी केली. निवृत्तीला थोडी वर्षं राहिली असताना आमच्या दुबईतल्या सल्लागार कंपनीत आले. बायको आणि मुलगा तिकडेच राहिले. बर्फातून आलेला माणूस उन्हाला कंटाळेल असं आम्हाला वाटलं होतं. उन्हाबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत. ऑफिसातल्या एसीनं मात्र ते हैराण झाले आणि भर ऑगस्टमध्ये स्वेटर घालून बसू लागले. “तिकडे आत तरी उबदार असतं हो,” असं म्हणत गरम पाण्याच्या ग्लासावर हात शेकायचे.

आमचं काम असं, की एखाद्या शहरानं किंवा प्रदेशानं पुढे कशात नाव काढावं, कुठल्या नव्या उद्योगाला हात द्यावा, हे अभ्यास करून सांगायचं. तुम्ही कधी अशा बैठकांना बसला असाल तर तुम्हालाही एक गोष्ट लक्षात आली असेल. सगळ्यांना एकच हवं असतं. एआय हवं, रोबो हवेत, जमलं तर अंतराळही हवं. अबुधाबीला आहे ना, मग आम्हाला का नको? सर शांतपणे सगळं ऐकून घेत आणि एकच विचारत, “इथं आधीच काय आहे?”

त्यामागे त्यांच्या उत्तरेची एक गोष्ट होती. त्या जिल्ह्यालाही राजधानीसारखं व्हायचं होतं. त्यांनी औषध संशोधनासाठी मोठी इमारत बांधली. शास्त्रज्ञ काही तिथं येईनात. मंडळातली माणसं रोज कॉफी पिताना थंडीच्या नावानं बोटं मोडायची. गाडी सुरू होत नाही, दार उघडत नाही, ब्रेक लागत नाही. एकदा बाहेरगावचा एक मोटार इंजिनिअर ते ऐकत बसला आणि म्हणाला, आम्ही तर अशीच जागा शोधत फिरतोय. आता तिथं गोठलेल्या तळ्यांवर दर हिवाळ्यात नव्या गाड्यांची परीक्षा होते आणि साऱ्या जिल्ह्याला काम मिळतं. “थंडी काय, पहिल्यापासून होतीच,” सर म्हणायचे. “मीही तिला शिव्याच घालत होतो.”

एका वर्षी आमच्याकडे पूर्व किनाऱ्यावरच्या एका छोट्या गावाचं काम आलं. गावानं नेमलेल्या समितीचे प्रमुख होते अबू राशिद, सत्तरी ओलांडलेले, पांढऱ्या दाढीचे, जुन्या काळी मुंबईशी व्यापार केलेले. त्यामुळे हिंदी फर्मास बोलायचे. पहिल्या बैठकीला आमचे डायरेक्टर स्वतः गेले, सर आणि मी बरोबर होतो. त्यांनी रिवाजांवरचं प्रशिक्षण घेतलं होतं आणि ते दाखवायची त्यांना हौस होती. पहिला कप संपताच त्यांनी तो मोठ्या ऐटीत डोलवला, मग आम्हालाही आमचे कप परत द्यावे लागले. बैठक बघता बघता संपली. अबू राशिद हसून “इन्शाल्ला”, म्हणजे देवाच्या मनात असेल तर, म्हणाले आणि डायरेक्टर काम झालं म्हणून खुशीत परतले. सर गाडीत म्हणाले, “ते इन्शाल्ला म्हणाले. हो म्हणाले नाहीत.”

झालंही तसंच. आम्ही पाठवलेला अहवाल न उघडता पडून राहिला, आणि मग दुसऱ्या कंपनीशी त्यांचं बोलणं चालू असल्याची बातमी आली. डायरेक्टरनी आम्हाला बोलावून सांगितलं, हे काम गेलं तर तुमचा विभाग खलास.

 त्याच वर्षी नवऱ्याची कंपनी बंद पडली होती आणि आमचं अख्खं घर माझ्या व्हिसावर उभं होतं. लेक दुबईतल्याच ऊद मेथा भागातल्या शाळेत दहावीला. माझी नोकरी गेली असती तर ऐन बोर्डाच्या तोंडावर सामान बांधून मुंबई गाठावी लागली असती. मी हे कुणाला सांगत नव्हते, पण अल कुसैसच्या आमच्या फ्लॅटमध्ये लेकीला सगळं कळत होतं. ती एवढंच म्हणायची, “आई, प्लीज डोन्ट ॲक्ट नॉर्मल.”

सरांनी दुसरी भेट मागून घेतली आणि मला बरोबर नेलं. डोंगरातून जाणाऱ्या रस्त्यावर मी त्यांना माझी तयारी ऐकवली. मला उत्तर सापडलं होतं. उत्तरेनं थंडी वापरली, तर या गावानं उष्णता वापरावी. इथंही गाड्यांची परीक्षा घ्यावी. सर्व स्लाइड तयार होत्या.

“ऊन दुबईलाही आहे,” सर म्हणाले.

“मग काय सांगायचं त्यांना?”

“आपण सांगितलं तर तो आपला अहवाल. त्यांना ते त्यांचंच वाटलं पाहिजे.”

मला संताप आला. इथं माझं घर बुडायला आलंय आणि हा माणूस कोडी घालतोय. उरलेला रस्ता मी लॅपटॉपवर त्याच स्लाइड पुन्हा नीट करत काढला.

बैठक सुरू झाली. खजूर आले, कॉफी आली. सरांनी लॅपटॉप उघडूच दिला नाही. त्यांनी अबू राशिदना मुंबईच्या गोष्टी विचारल्या, गुडघेदुखीवर चर्चा केली, स्वतःच्या जुन्या जिल्ह्यातल्या बर्फाची आणि न उघडणाऱ्या दारांची टवाळी केली. कप रिकामा होत होता, भरत होता, आणि सरांचा हात जागचा हलत नव्हता.

माझं उलट झालं. काळजीनं माझी बोटं थरथरायला लागली आणि त्याबरोबर कपही डोलायला लागला. कॉफी वाढणाऱ्या गृहस्थांनी नम्रपणे झुकून माझा कप उचलून नेला. आता सगळी भिस्त सरांच्या हातावर होती. समितीचे दुसरे सदस्य घड्याळाकडे बघू लागले होते, पण पाहुण्याच्या हातात कप असताना उठणार कोण?

अखेर अबू राशिद स्वतःहून तक्रारीवर आले. बर्फाची टवाळी ऐकून त्यांनाही त्यांचं दुखणं आठवलं असावं.

“बाबा, तुम्हारा बर्फ तो अच्छा है, पिघल जाता है,” ते म्हणाले. “इधर समुंदर का हवा सब खा जाता है. एसी, दरवाजा, बोट का इंजिन. दुबई में जो चलता है, इधर नहीं चलता.”

“फिर ठीक कौन करता है?” सरांनी विचारलं.

“हमारा लोग. बोटवाला.” आणि मग ते थांबेनातच. डोंगर आणि समुद्र यांच्या चिंचोळ्या पट्टीत ही खारट, दमट हवा कशी कोंडते, त्यामुळे गावातल्या बोटींच्या गॅरेजांना कुठला धातू टिकतो, कुठला रंग सोलतो हे कसं तोंडपाठ आहे, थेट अबुधाबीचे लोक आपल्या बोटी कशा इथं घेऊन येतात. सदस्यही घड्याळ विसरून भर घालू लागले. मला सारखं वाटत होतं, आता तरी सरांनी बोलावं.  कप पुन्हा भरला गेला.

 मग अबू राशिदांनी दाढीवरून हात फिरवला.

“वो लोग अपना ठंडी बेचता है,” ते सावकाश म्हणाले. “तो हम अपना हवा क्यों नहीं बेचेगा?”

समुद्रावर, किनाऱ्यावर ज्या वस्तूंना टिकायचंय त्या आधी इथं आणाव्यात, इथल्या हवेत ठेवून पाहाव्यात, आणि बिघडल्या तर इथल्याच माणसांनी त्या सुधारून द्याव्यात. सारा बेत तिथल्या तिथं त्यांनीच रचला. माझ्या स्लाइडमध्ये यातलं काही म्हणजे काही नव्हतं. “ये लिखो, यल्ला, जल्दी,” ते मला म्हणाले. “तुम लोग ही लिखेगा. दूसरा कंपनी नहीं चाहिए.”

तेव्हा सरांनी कप डोलवला.

माझा जीव भांड्यात पडला. बाहेर येऊन गाडीत बसले आणि मला रडू फुटलं, मग हसू आलं, मग दोन्ही. सरांनी खिशातून ॲसिडिटीची गोळी काढून तोंडात टाकली आणि म्हणाले, “एवढी कॉफी माणसानं पिऊ नये, मॅडम. कुठं साधा चहा मिळतो का बघा.” रस्त्यावरच्या टपरीत आम्ही कडक चहा घेतला. तसा चहा मी पुन्हा कधी प्यायले नाही.

काम झालं, विभाग टिकला. लेकीची दहावी तिच्याच शाळेत पार पडली आणि पुढं नवऱ्यालाही नोकरी लागली. अशा आठवणींचा शेवट तुम्हाला ठाऊक असतो, म्हणून आधीच सांगते, काळजी करू नका. सर खुशाल आहेत. करार संपल्यावर ते बायको-मुलाकडे उत्तरेला परत गेले आणि तिथं घरात स्वेटर न घालता बसतात.

जायच्या दिवशी दुपारी ते आमच्याकडे जेवायला आले होते. बॅगा दाराशी होत्या. जेवण झालं, चहा झाला. मी विचारलं नाही, कप रिकामा दिसला की ओतत राहिले, आणि तेही पीत राहिले. लेक म्हणाली, “अंकल, यू विल मिस युअर फ्लाइट.” नवऱ्यानं गाडीची किल्ली हातात घेतली. “सर, निघायला हवं,” तो म्हणाला.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. कप आमचा साधा, कानाचा, फुलाफुलांचा. त्यांनी तो हलकेच दोन-तीनदा डोलवला.

मी तरीही ओतला.  ते बसून सगळा प्यायले.