भरल्या नदीतली आईची नाव

उन्हात वाळणाऱ्या लाइफ जॅकेटचा रबरी वास आला, की मला भामरागडकडचा तो पावसाळा आठवतो. पुरानं आमच्या काठाचे रस्ते बंद होते. आईला प्रवासी नावेचं लायसन नुकतंच मिळालं होतं आणि मला नर्सिंगच्या प्रवेशासाठी पलीकडून गडचिरोलीची बस गाठायची होती. मी नदीवर पोचले तेव्हा नाव भरलेली होती. मला सोडायला आलेले काका आईला म्हणाले, "घे नं पोरीले, एका जणानं काय होते?" आई जॅकेटांचे पट्टे ओढून बघत म्हणाली, "नेमापेक्षा जास्त मी कोणालेच घेत नाई. पोरगी दुसऱ्या फेरीत येईन." मी रडवेली होऊन काठावर उभी राहिले. नाव निघाली आणि मधल्या धारेत वाहत आलेला ओंडका नावेवर आदळला. नाव कलली, पाणी कडेपर्यंत चढलं, पण आत आलं नाही. आईनं नाव सावरली, सगळ्यांना पलीकडे उतरवलं आणि मला न्यायला परत आली. माझी बस तोवर निघून गेली होती. दुसरी येईपर्यंत थांब्यावर भेटेल त्याला मी सांगत होते, ती नाव चालवते ना, ती माझी आई. आता गडचिरोलीच्या दवाखान्यात नर्स म्हणून काम करताना कोणी माझं गाव विचारलं, तर गावाआधी मी हेच सांगते, मी नाववाल्या बाईची मुलगी.