बाविसावा दिवस

इंदापुरात परवा एका दुकानात अंडी उबवण्याचं यंत्र पाहिलं. त्यावर तक्ता चिकटवलेला होता: कोंबडी एकवीस दिवस, बदक अठ्ठावीस. मी तो दोनदा वाचला.

नव्वदच्या दशकात काटेवाडीत आमच्या शेजाऱ्यांनी बदकं विकली, तेव्हा पाटाकडेच्या गवतात एक अंडं मागं राहिलं. काकूनं ते आणून खुडूक कोंबडीखाली ठेवलं. भुशाची पाटी चुलीजवळ होती. तिथं धुराचा आणि पिसांचा उबट वास यायचा. मी कॉलेजात होतो. कॅलेंडरवर रोज खूण करत होतो.

बाविसाव्या दिवशी मी म्हणालो, "काकू, दिवस भरून गेले. अंडं नासलंय."

"आनिक बसू दे की. ती कुठं उठतीया?"

"एकवीसच दिवस लागतात."

"तिला तुझं कॅलिंडर वाचाय येत न्हाय, बाबा," काकू भाकरी थापत हसली.

तिचे हात पिठात असतानाच मी अंडं बाहेर नेऊन दगडावर फोडलं. घाण वास आला नाही. आत ओलं पिल्लू होतं. त्याची चोच दोनदा उघडली आणि थांबली.

काकू दारात आली. "जित्तं व्हतं रं!"

"कोंबडीनं नीट ऊब दिली नाही, म्हणून मागं राहिलं," मी म्हणालो. "जगलं नसतंच."

काकूनं शिकलेल्याचं ऐकलं. रविवारी ती कोंबडी कापली. मी रस्सा दोनदा मागून घेतला.