बायांच्या पेट्या

अनुसयाबाई पटले तिशीच्या आतच विधवा झाल्या आणि चोरखमाऱ्याच्या तलावाखालच्या एका गावात मुलींच्या शाळेवर मास्तरीण म्हणून आल्या. शिकवता शिकवता त्या नागपूरला बाहेरून राज्यशास्त्राच्या एम.ए.ला बसल्या. एका पेपरऐवजी प्रबंध चालायचा. विषयावरून प्राध्यापकांशी त्यांचं वाजलंच होतं.

"खेड्यातल्या बाईचं मत म्हणजे नवऱ्याचंच दुसरं मत. सगळ्यांना ठाऊक आहे," प्राध्यापक म्हणाले.

"ठाऊक आहे, पण मोजलं कुणी?"

मोजायला वाव होता. बावन्नच्या निवडणुकीत मोठ्या गावांतून बायांना निराळी खोली होती, आणि त्या पेट्यांची मोजणीही निराळी झाली होती. तेव्हा खोलीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची. गावचे जुने जमीनदार, मालगुजार दुलीचंद यांच्या उमेदवारातर्फे मोजणीला बसलेल्या खुशालकडून बाईंनी आकडे मिळवले. नवरे सांगतात तसंच बाया करत असतील, तर दोन्हीकडचे टक्के जवळपास सारखे यायला हवेत. थोडा फरक योगायोगानेही पडतो, म्हणून जिथे पुरुषांच्याच दोन खोल्या होत्या, तिथला आपसातला फरक त्यांनी आधी काढला. तो शंभरात दोन-तीन मतांचा निघाला. बाया आणि पुरुषांमधला फरक बहुतेक गावांत वीसच्या आसपास होता. त्यांच्या स्वतःच्या गावात तर पुरुष मालगुजाराच्या माणसामागे गेले होते आणि शंभरातल्या साठ बाया त्याच्याविरुद्ध उभ्या असलेल्या अपक्षामागे.

बाईंना आनंद झाला आणि त्या भरात त्यांनी खुशालला ते बोलून दाखवलं. त्याने आकडे लिहिले होते, अर्थ लावला नव्हता. आता लागला. संध्याकाळपर्यंत तो मालगुजाराच्या छपरीत, वाड्यापुढच्या पडवीत, पोचला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या बकारामने आपल्या बायकोला, दुर्पताला, गाठोडं देऊन माहेरच्या वाटेला लावलं. विहिरीवरच्या बायांनी एकमेकींशी बोलणं टाकलं. कुठल्या घरात काय विचारलं जातंय, ते भिंतीपलीकडे ऐकू येत होतं.

छपरीत गावचे पुरुष जमल्याचं कळलं तेव्हा बाई पदर खोचून निघाल्या. आपल्या तोंडून निघालेला एक आकडा घराघरांत शिरला होता, आणि तो परत घेता येणार नव्हता.

बकाराम त्यांना पाहताच उठला. "बाई, तुमी हे कायले मोजून राहिल्या होत्या? माही बायको कोणत्या पेटीत टाकून आली, तेवढं सांगा."

"ते मला ठाऊक नाही, बकारामभाऊ. ते कुणालाच कळत नाही."

"मंग हा खुशाल काऊन बोलून राहिला?"

"त्याला गावाचा आकडा दिला. बाईचा नाही. शंभरात साठ तिकडे गेल्या, चाळीस इकडे राहिल्या. दुर्पता चाळीसातली असेल तर? तुम्ही आपल्याच माणसाला मत देणारी घराबाहेर काढली असेल."

बकाराम खाली बसला. कुणी तरी खाकरलं. दुलीचंद मालगुजार खाटेवरून सरळ होऊन बसले. "मास्तरीणबाई, साठ जणी कोण, ते नाही कळत, तर या हिशोबाचा फायदा काय?"

पुढचं वाक्य बोललं की या गावातली भाकर संपली, हे त्यांना दिसत होतं. "एवढाच, की त्या साठ जणींनी घरच्यांना विचारून मत टाकलं नाही. त्या कुठल्याही घरातल्या असू शकतात. शकुंतलाबाईंनीही त्याच खोलीत मत टाकलं, मालक."

शकुंतलाबाई मालगुजारांच्या पत्नी. छपरीतल्या प्रत्येकाची नजर आतल्या दाराकडे गेली आणि झटक्यात परतली. दाराआड बांगड्या वाजल्या. मालगुजारांना आता एकाही बाईला मत कुणाला दिलं ते विचारता येत नव्हतं; सुरुवात घरापासून करावी लागली असती.

"उठा रे," ते शेवटी म्हणाले. "धान मळायचं पडलंय."

बकाराम दुर्पताला आणायला गेला, पण लगेच नाही. तिच्या भावाने दोनदा निरोप पाठवल्यावर. ती आली, पण शाळेसमोरून जाताना बाईंकडे बघेना. पुढच्या महिन्यात बाईंची बदली चिचगडला, जंगलाच्या तोंडाशी झाली. कारण कुणी सांगितलं नाही.

तिथेच त्यांनी प्रबंध पुरा केला. गावांची नावं त्यांनी काढून टाकली आणि अ, ब, क अशी अक्षरं घातली. परीक्षकांनी नावं मागितली. नावांशिवाय आकडे पडताळता येत नाहीत, म्हणाले. ते खरंच होतं. बाईंनी नावं दिली नाहीत. त्या तिसऱ्या वर्गात पास झाल्या आणि चिचगडच्या शाळेतच राहिल्या.