अक्काचा पाय आणि माझा

कचेरीत असताना माझ्याकडे फायली साठायच्या. निवृत्तीनंतर दुखणी साठतात, आणि दुखण्यांचे किस्से न मागता. आमच्या घरात ते पायाच्या अंगठ्याशी साठले. अंगठा आत वळतो, मुळाशी हाड गोट्यासारखं वर येतं. मला होतं, अणशी गावच्या गंगाक्कालाही, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला.

अक्का विधवा. भाताचं शेत एकटीच्या हिमतीवर करायची. तिचा दीर परसू दारात येऊन म्हणाला, "वैनी, औंदा चिखलात उभं ऱ्हायला जमलं न्हाई, तर शेत मी बघतो."

अक्का मला म्हणाली, "माझ्या पायाची माझ्यापेक्षा त्यालाच काळजी हाय."

* * *

बेळगावच्या डॉक्टरांनी दोन तऱ्हा सांगितल्या. एक, कातडी उघडून हाड कापायचं आणि स्क्रू बसवायचे. दुसरी, तेच काम बारीक छिद्रांतून. दुसरीत जखम लहान, सुरुवातीचं दुखणं कमी. वर्षभरानं बघाल तर दोन्ही तऱ्हांत पाय जवळपास सारखेच. माझं हाड फारच वाकडं, म्हणून मला उघडी शस्त्रक्रिया. अक्काला छिद्रांची.

"आमच्या रानात जळूबी असंच बारीक भोक पाडती," अक्का म्हणाली. "कळतबी न्हाई."

"हे कळेल," डॉक्टर म्हणाले.

* * *

मला प्लास्टर घातलं आणि पाय उशीवर ठेवून पडून राहायला सांगितलं. अक्काला कडक तळाचा बूट दिला. त्याशिवाय एक पाऊलही टाकायचं नाही, एवढीच अट. ती त्याच संध्याकाळी माझ्या खाटेपाशी चालत आली. मी धाकटा भाऊ, म्हणून तिच्या तोंडी 'तम्मा'.

"तू झोप, तम्मा. हापिसात सवय झालीया तुला."

* * *

अक्का घरी गेल्यावर परसू बघायला आला. अक्का बूट घालून अंगणात त्याच्यासमोर फेऱ्या मारत राहिली, तो चहा न घेता उठेपर्यंत.

* * *

तपासणीला आम्ही दोघं बरोबर गेलो. माझं हाड जुळलं होतं. अक्काचं सरकलं होतं. डॉक्टर एक्सरेवरून तिच्या पायाकडे वळले.

"बूट कुठाय?"

"भाईर. दारात काढलाय."

"इथंही काढलात?"

"डाक्टराकडं पायताण घालून कोण येतं?"

डॉक्टरांनी हळूच विचारलं, "आणि घरात?"

"घरात देव हायत," अक्का म्हणाली. "चूल हाय."

डॉक्टरांनी एक्सरे पाकिटात घातला. पुन्हा शस्त्रक्रिया, या वेळी उघडी. मग प्लास्टर.

* * *

भाताच्या लावणीच्या दिवशी मी अणशीला गेलो. शेतात परसूची माणसं वाकलेली, अक्का प्लास्टरचा पाय लांब करून बांधावर. दुपारी परसूची बायको जेवण घेऊन आली. तिनं बांधावर पानं मांडली आणि पहिलं अक्कापुढं ठेवलं.

"जाऊबाई, आधी तुमी जेवा. तुमी पाव्हण्या."

अक्कानं आपल्या शेताकडे पाहिलं, मग पानाकडे.

"वाढ," ती म्हणाली. "पाव्हण्यानं जास्त येळ बसू न्हाई."