दोन बाटल्या आणि डॉक्टरांचा पहिला प्रश्न

मंगळवारी दिंडोरीजवळच्या एका द्राक्षबागेत आमच्या टोळीतली पारू जेवणानंतर अचानक लालबुंद झाली… चेहरा, मान, सगळंच. धाप लागली, आणि बांधावर बसल्या बसल्या तिला उलटी झाली.

आम्ही नऊ बायका, मी त्यांची मुकादम. सध्या छाटणी झालेल्या बागांत पेस्टिंग चालू आहे… म्हणजे काडीवरचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हातमोजे घालून त्यांना औषध लावायचं.

या औषधाची एक गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. ते लावलेल्या दिवशी माणूस प्यायला, तर त्याचं असंच होतं. म्हणून पारूला बघून बागेचे मालक हसलेच. आम्ही त्यांना भाऊ म्हणतो. "काय गं पारू, माळ घालून क्वार्टर?"

पारू पेठकडची, माळकरी. गळ्यातली माळ मुठीत धरून एवढंच म्हणत होती, "नाय भाऊ… माळेची आन, नाय." श्वास पुरत नव्हता तिला. आमच्यातल्याच दोघी पदर तोंडाला लावून हसल्या… हे लिहायला लाज वाटते.

भाऊ म्हणाले, "लिंबू चोखायला द्या नि झोपू द्या सावलीला. उतरंल तासाभरात."

इथे थोडं मागचं सांगायला हवं. सात वर्षांपूर्वी फवारणी करताना आमचे हे चक्कर येऊन पडले. दवाखान्यात डॉक्टरांनी मला पहिलाच प्रश्न विचारला, "कोणतं औषध मारत होते?" मी म्हणाले, पिवळ्या डब्यातलं. त्यांनी परत विचारलं, मी परत तेच सांगितलं… मला वाचता येत नव्हतं. आणि डबा कुणीतरी कॅनॉलमध्ये फेकून दिला होता. नाव कळेपर्यंत संध्याकाळ झाली. हे गेले.

नाव लवकर कळलं असतं तर वाचले असते का, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. त्याच वर्षी मुलीच्या दुसरीच्या पुस्तकावरून मी अक्षरं शिकले. आता हाताला लागेल ते वाचते… भेळेचा कागदसुद्धा.

रोज काम सुरू करायच्या आधी औषधाबरोबर येतो तो घडीचा कागद बायकांना मोठ्याने वाचून दाखवते. रिकामी बाटली संध्याकाळपर्यंत कुणाला फेकू देत नाही. बायका म्हणतात, "बसा गं, बाईंची पोथी सुरू झाली."

तर मंगळवारी… पारू खोटं बोलत नाही हे मला पक्कं माहीत होतं. पण औषध तर सांगत होतं की पोटात काहीतरी गेलंय. मी तिच्याजवळ बसले. "जेवणात काय काय होतं, सगळं सांग."

भाकरी. मिरचीचा ठेचा. "नि ताकदीचं औषध." कंबर फार दुखते म्हणून भावजयीने दिलेलं. त्या दिवशी जास्तच ठणकत होती, म्हणून अर्धा पेला घेतला होता.

पिशवीतून बाटली काढली. घरोघरी बायका घेतात तसलं अरिष्ट. चष्मा लावून बाटली फिरवली, तर अगदी खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत… स्वयंजनित अल्कोहोल. म्हणजे कुणी घातलेलं नाही, औषध मुरताना आपोआप तयार झालेलं.

बागेतल्या पुरुषांना मी दरवर्षी बजावत आले, औषध लावलं त्या दिवशी पिऊ नका. बायकांच्या पिशवीत हे असेल, असं माझ्या मनातच आलं नव्हतं.

"भाऊ, गाडी काढा."

"अगं पण…"

"ती प्यायलेली नाही. गाडी काढा." मुकादम मालकाशी असं बोलत नाही. पण बोलले.

बायकांनी साबणाने तिचे हात धुतले, औषधाचे डाग पडलेला वरचा शर्ट काढला. मी पेस्टिंगची रिकामी बाटली एका पिशवीत गुंडाळली, अरिष्टाची दुसरीत… आणि नाशिकला गंगापूर रोडच्या एका हॉस्पिटलात पोचलो.

डॉक्टर तरुण मुलगी होती. पारूची नाडी बघता बघता तिने विचारलं, "कोणतं औषध होतं?"

तोच प्रश्न.

मी दोन्ही बाटल्या टेबलावर ठेवल्या. नाव सांगितलं. आठपासून काम, साडेबाराला जेवण, अर्धा पेला… सगळं सांगितलं. तिने दोन्ही लेबलं वाचली आणि वर बघितलं. "मावशी, तुम्ही नर्स आहात का?"

"नाही. बागेत असते."

"बरं झालं आणलंत. नाहीतर आम्ही अॅलर्जी समजून बसलो असतो."

सलाईन लावलं, ब्लड प्रेशर बघत राहिले, रात्रभर ठेवून घेतलं. सकाळी पारू चहा मागायला लागली तेव्हा मला रडू आलं. भाऊ आले होते. खाली मान घालून म्हणाले, "पारूताई, चुकलं माझं." ताई… पहिल्यांदाच.

पारू म्हणाली, "मला नका म्हणू. माळेला म्हणा." आणि त्यांनी खरंच माळेला हात जोडले.

तुमच्याकडे बाग असेल तर एवढंच करा… माणूस दवाखान्यात न्याल तेव्हा बाटलीही न्या.

गुरुवारी कामावर गेले तर बांधावर बाटल्या मांडलेल्या… दोन खोकल्याच्या, तीन अरिष्टं, एक कसलंसं तेल. हसणाऱ्या त्या दोघींच्याही होत्या. "वाचा बाई," म्हणाल्या. भाऊंनी खिशातून स्वतःची खोकल्याची बाटली काढून शेवटी ठेवली. वाचण्यात अर्धा तास गेला, काम उशिरा सुरू झालं.

आमच्या ह्यांनी मला कधी वाचताना बघितलं नाही. गुरुवारी ते तिथे बांधावर असायला हवे होते, एवढंच वाटलं.