आवाजाचा धडा

बहिणीला नाही, लेकीला नाही, मुलाला तर नाहीच. ही गोष्ट मी आजवर कुणापाशी बोललेली नाही. नमाजनंतर दुआला हात उचलते तेव्हाही ती मनात आली की घाईघाईने पुढच्या मागणीकडे वळते. अल्लाला काय, सगळं ठाऊकच आहे. तुम्हाला नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

आधी आमच्या घराबद्दल बोलू द्या. टाळते आहे, कळतंय मला — पण घर कळल्याशिवाय बाकीचं कळायचं नाही.

नारपोलीत आमचा छोटा लूमचा कारखाना आहे आणि त्याच्या भिंतीला लागूनच घर. लूम चालू असले की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागतं. लाइट गेली की सगळे लूम एकदम थांबतात, आणि आपण किती जोरात बोलत होतो हे ऐकून गल्लीतला जो तो दचकतो. मग सगळे आवाज खाली आणतात. आमचे हे — लतीफशेठ म्हणतात त्यांना — कधीच आणायचे नाहीत. कारीगरांना "धागा देख, धागा!" म्हणून जी हाक, तीच मला चहासाठी. आमटीत मीठ कमी पडलं तर गल्लीच्या टोकाच्या पानवाल्याला कळायचं! वाईट माणूस नव्हे हो. हात कधी उगारला नाही, कशाला कमी पडू दिलं नाही. पण इतकी वर्षं मी त्या आवाजाच्या खाली राहिले. लग्नाआधी मी किती बडबडी होते, ते माझं मलाच आठवेनासं झालं होतं.

मग यांना पार्किन्सन झाला. उजवा हात थरथरायला लागला, चालताना पाऊल मध्येच जमिनीला चिकटायचं, चेहऱ्यावर हसू यायलाही वेळ लागायचा. आणि आवाज उतरत गेला. डॉक्टरबाईंनी माझ्या मोबाइलवर एक अ‍ॅप टाकून दिलं. रोज रोज ट्रॅफिकमधून ठाण्याला कुठे येणार, व्यायाम घरीच करा, म्हणाल्या. सगळं मराठीत. पडद्यावर एक मुलगी करून दाखवते, हे तिच्या मागोमाग करतात — हात न टेकता खुर्चीतून उठायचं, मोठाली पावलं टाकायची, हात लांबवर फेकायचे. यांची बोटं पडद्यावर नीट टेकत नाहीत, म्हणून फोन माझ्याकडे.

पहिल्या दिवशी सगळ्यात शेवटी आवाजाचा धडा आला. मोठा श्वास घेऊन जोरात "आ" म्हणायचं. पडद्यावर एक पट्टी असते, आवाज पोचला की ती हिरवी होते. यांनी श्वास घेतला आणि — तोच आवाज! पूर्ण नव्हे, पण तोच. माझे खांदे आपोआप वर गेले. हे खूश. "आला का न्हाय?" म्हणाले. आला होता.

त्या संध्याकाळी हे मुलाचा हात धरून मगरिबच्या नमाजला गेले, आणि मी अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये शिरले. कुठला धडा दाखवायचा, कुठला नाही, ते तिथं ठरवता येतं. आवाजाच्या धड्यासमोरची खूण मी काढून टाकली.

झालं. सांगून टाकलं. एवढंच — एवढंच का पण?

दुसऱ्या दिवशी यांनी विचारलं, "ते वरडायचं न्हाय आज?" मी म्हटलं, ते पहिल्या दिवसापुरतं होतं, आवाज तपासायला. कापडाचा तागा स्वतः उलगडून बघितल्याशिवाय ज्याने कधी कुणाचं ऐकलं नाही, त्या माणसाने माझं ऐकलं आणि मान हलवली. डॉक्टरबाईंनी एकदा फोनवर विचारलं, आवाजाचं चाललंय ना? मी हो म्हटलं.

आणि याहून जड गोष्ट पुढेच आहे. त्यानंतरचं वर्षभर मी सुखात होते. खोटं कशाला बोलू? माझ्या संसारातला तो सगळ्यात गोड काळ. काही सांगायचं तर यांना माझ्याजवळ यावं लागायचं, कानाशी वाकावं लागायचं. इतक्या वर्षांत हे माझ्या कानाशी कधी वाकले होते? मी बोलायला लागले. माहेरच्या खाडीच्या, मैत्रिणींच्या, कशाकशाच्या गोष्टी सांगायचे आणि मध्येच कुणी "बस कर!" म्हणून गरजायचं नाही. भांडणात मी जिंकायला लागले! बाकीचे व्यायाम मात्र मी मनापासून करून घेतले. एकही दिवस चुकवला नाही. यांची चाल सुधारली, तोल सुधारला, आणि डॉक्टरबाईंनी माझी पाठ थोपटली.

मग आमच्या सुमैयाचं लग्न ठरलं. दापोड्याच्या एका गोदामात हिशेब बघते ती, धाकटी लेक, यांचा जीव की प्राण. आमच्यात निकाहाच्या वेळी मुलीचा बाप काझींसमोर, साक्षीदारांसमोर आपल्या तोंडाने म्हणतो — माझी मुलगी मी तुमच्या निकाहात दिली. बाप हे काम दुसऱ्यावर सोपवू शकतो, त्याला हरकत नाही. पण सुमैया पाळण्यात होती तेव्हापासून हे म्हणायचे, मी असं बोलेन की कल्याणला ऐकू जाईल.

तारीख धरली, पाहुणे उठले, तेव्हा यांनी धाकट्या भावाला, रफीकला, जवळ बोलावलं. ओठ हलले. रफीकला ऐकू आलं नाही. "काय म्हणतोय भाऊ?" त्याने मला विचारलं. मी अगदी लगत होते, मला कळलं होतं. "तू बोल. माझा आवाज पोचत न्हाय." — हे माझ्या तोंडाने मी रफीकला सांगितलं.

अब्बा, माइक असतो की, सुमैया म्हणाली. यांनी नुसता हात हलवला. ज्याच्या एका हाकेवर कारखाना थांबायचा, त्याला बिरादरीसमोर माइकमधून कुजबुजायचं नव्हतं.

मी त्याच दिवशी ती खूण परत लावली. यांना म्हटलं, नवा धडा आलाय. म्हणजे पहिल्या खोट्यावर हे दुसरं. त्या धड्यात आपलं स्वतःचं वाक्य घालायची सोय आहे. लोक रोजची वाक्यं घालतात, पाणी दे, दार उघड. यांनी मला निकाहाचं वाक्य घालायला लावलं. लग्नापर्यंत रोज म्हणत राहिले. पट्टी काही हिरवी होईना. आवाजाला महिने लागतात, डॉक्टरबाई म्हणाल्या, पण तुमचं तर सुरुवातीपासून चालू आहे ना? मी पुन्हा हो म्हटलं.

निकाहात रफीक बोलला. छान बोलला. बायकांच्या बाजूच्या पडद्याच्या फटीतून मी बघत होते. हे त्याच्या शेजारी ताठ बसले होते, आणि रफीकच्या शब्दाशब्दाबरोबर यांचे ओठ हलत होते.

तुम्ही म्हणाल, आजारच तसा. धडा केला असता तरी आवाज आलाच असता कशावरून? मीही हे स्वतःला म्हणून बघितलंय. पण लग्नानंतर काही महिन्यांनी आवाज आला ना! पहिल्याइतका नव्हे, पण दोन खोल्या ओलांडण्याइतका. वेळेत सुरू केलं असतं तर काय झालं असतं, हे मला कळतं.

आता घर पुन्हा गाजतं. मीही तेवढ्याच जोरात उत्तर देते. ती सवय त्या वर्षाने लावली, ती मोडली नाही. आमचं बरं चाललंय, खरंच. आल्यागेल्याला हे सांगतात, हिने माझा आवाज परत आणला. मी चहा ओतत असते. सुमैया माहेरी आली की माझा हात धरून म्हणते, अम्मी, तू होतीस म्हणून. तिलाही मी सांगितलं नाही. का? भीती वाटते म्हणून. आणि ते कौतुक मला आवडतं, म्हणूनसुद्धा.

ते वाक्य अजून अ‍ॅपमध्ये आहे. लग्नानंतर मी विचारलं होतं, काढू का? "ऱ्हाऊ दे," म्हणाले. रोज सकाळी हे खुर्चीत ताठ बसतात, छाती भरून श्वास घेतात आणि मोठ्याने म्हणतात — माझी मुलगी सुमैया मी तुमच्या निकाहात दिली. पट्टी हिरवीगार होते. भिंतीपलीकडून, लूमच्या खडखडाटातून, आमचे म्हातारे कारीगर जमालभाई ओरडतात, "कबूल है, शेठ!" आणि हे खो खो हसतात. लेकीच्या लग्नाला वर्ष उलटून गेलंय. मी यांच्यासमोर फोन धरून उभी असते.