लुतीचं ठरवलेलं मांजर

"लूतच आहे," मी टेबलापासून दोन पावलं मागे उभा राहून म्हणालो. टेबलावर चार महिन्यांचं मांजर होतं. अंगावर एक केस नाही, कातडी सुरकुतलेली.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. केदारखेड्याच्या बाजूला मी गुरांचा डॉक्टर होतो. मांजर शांताबाईंचं. त्या शाळेत शिकवायच्या, घरी एकट्याच. गल्लीने त्यांना बजावलं होतं, रोग नसल्याचा डॉक्टरचा दाखला आणा, नाहीतर मांजर मारून टाकू. पोरांना लूत लागेल अशी सगळ्यांना भीती.

लूत म्हणजे कातडीत शिरणाऱ्या बारीक किड्यांचा रोग. जनावर खाजवून खाजवून रक्त काढतं आणि केस झडतात. बिनकेसांच्या जनावराला आमच्याकडे दुसरा शब्दच नव्हता. गल्लीकडे नव्हता, आणि माझ्याकडेही नव्हता.

बाई म्हणाल्या, "साहेब, ते जन्मलंच असं. खाजवून बी न्हाई राह्यलं, बिलकुल."

मी लक्ष दिलं नाही. कातडी खरवडून स्लाइड बघायला दहा मिनिटं लागली असती. मायक्रोस्कोप कपाटातच होता. पण बाहेर बैलांची रांग, आणि मांजराला पेशंट मानायची मला सवय नव्हती. गुरांच्या गोचिडांवरचं औषध पातळ करून दिलं. सगळ्या अंगाला लावा म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई टॉवेलात गुंडाळलेलं मांजर घेऊन आल्या. औषध लावलं तसं ते अंग चाटत बसलं. मग झटके आले आणि गेलं.

तेव्हा कुठे मी कातडी खरवडली. स्लाइड स्वच्छ होती, एकही किडा नाही. मला स्वतःची शरम वाटली.

"लूत न्हवती, असं लिहून द्या," बाई शांतपणे म्हणाल्या. "अन् कशानं मेलं, तेबी लिहा."

पहिलं मी लिहून दिलं. दुसरं टाळलं. त्यांनी कागद वाचला, घडी घातली आणि गेल्या.

पुढे वाचनात आलं की परदेशात अशी मांजरं हौसेने पाळतात. ती आजारी नसतात. त्यांना थंडी वाजते, ऊन पोळतं, अंगावर साठलेलं तेल पुसावं लागतं. मांजराची ॲलर्जी असलेल्यांनाही अशा मांजरांमुळे शिंका येत नाहीत असं म्हणतात, ते खोटं; शिंका लाळेनेही येतात. शांताबाईंचं कुठल्या जातीचं नव्हतं, गावातलंच, तसं जन्मलेलं.

नव्या डॉक्टरांना मी एवढंच सांगतो. आधी विचारा, खाजवतं का, आणि उत्तर ऐका. राहिलेली ओळ आज लिहितो. ते माझ्या औषधाने मेलं.